सहा आठवड्यांवर पहिली ट्रायथलॉन: कुठे भागतं, कुठे भागत नाही

ट्रायथलॉन म्हणजे एकामागोमाग पोहणं, सायकल आणि धावणं. नाव नोंदवलं, पैसे भरले आणि कॅलेंडर पाहिलं तर हातात जेमतेम सहा आठवडे. अशा वेळी बहुतेक जण सायकल पुसून घेतात आणि रोज तीस-चाळीस किलोमीटर दामटायला लागतात. सायकल चालवायला मजा येते, आकडे पटापट वाढतात, तयारी जोरात चालल्यासारखं वाटतं. पण वेळ कमी असेल तर सगळ्यात आधी हात घालायचा तो पोहण्याला. सायकलवर पाय भरून आले तर उतरून ती ढकलत नेता येते, धावताना धाप लागली तर चालता येतं. पाण्याच्या मध्यावर ‘जरा टेकतो’ म्हणायची तशी सोय नसते.

खालचं सगळं स्प्रिंट अंतर धरून आहे: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर याच्या बरोबर दुप्पट. गोव्यात २०१९ साली मिरामारला सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर पोहून ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं असतं. मित्रांच्या नादाने पहिलीच म्हणून ती घेतली असेल, तर सहा आठवड्यांचा हिशेब तिला लागू नाही.

स्प्रिंटला साध्या तब्येतीच्या, नवख्या माणसाला दोन तास लागतात. पाण्यात २२-२३ मिनिटं, सायकलवर ५५, धावण्यात ३५ ते ४०, आणि मधे बूट-हेल्मेट चढवण्या-उतरवण्यात सात-आठ. आयोजकांनी ठरवलेली वेळेची मर्यादा आधीच वाचून ठेवा. ती टप्प्याटप्प्याला असते आणि पाण्यातली चुकली तर सायकल हातात मिळत नाही.

आधी तीन कसोट्या

पोहण्याच्या तलावात २०० मीटर न थांबता जाता येतं का? म्हणजे २५ मीटरच्या तलावात आठ वेळा, कठड्याला न टेकता. फ्रीस्टाइल हवी असंही नाही, ब्रेस्टस्ट्रोक चालेल. तासभर सायकल चालवता येते का? पाच किलोमीटर चालत-पळत पाऊण तासात होतात का? शेवटच्या दोन कसोट्या हुकल्या तरी सहा आठवड्यांत जमवून घेता येईल. पहिली हुकली तर यंदा ड्युअथलॉन करा: धावणं, सायकल, पुन्हा धावणं. किंवा सुपर स्प्रिंट शोधा, त्यात पोहणं साधारण ४०० मीटर आणि बाकीचंही निम्म्यावर असतं. काही स्पर्धांमध्ये पोहणं तलावातच, दोरीच्या गल्लीत असतं. पहिल्या वेळी तशी मिळाली तर सोडू नका.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा जिना चढताना छातीत दाटून येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव सुरू करू नका. उगीच घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि अचानक हृदय बंद पडण्याच्या अशा १३५ घटना तपासल्या गेल्या, त्यातल्या ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या निघाल्या.

पाणी

आठवड्यातून तीनदा पोहा. एकदाच दीड तास पोहण्यापेक्षा तीनदा अर्धा-पाऊण तास कितीतरी जास्त कामाला येतं. पाण्याची सवय चार-पाच दिवसांच्या खाड्याने मोडते. महापालिकेच्या तलावावरची पाऊण तासाची बॅच याला पुरते.

पहिल्या आठवड्यात ५० मीटरचे आठ तुकडे करा, मध्ये २०-३० सेकंद थांबा. दुसऱ्यात तेच बारा तुकडे. तिसऱ्यात १०० मीटरचे सहा, मध्ये अर्धा मिनिट. चौथ्यात २०० चे तीन. पाचव्यात एकदा सलग ८०० मीटर, कितीही सावकाश झाले तरी चालतील. सहाव्या आठवड्यात फक्त दोनदा उतरा, ४०० मीटर निवांत, आणि बस्स. दर वेळी सुरुवातीचे १०० मीटर अंग मोकळं करायला वेगळे.

दम पुरत नाही अशी तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते, आणि खोट बहुतेक वेळा छातीत नसून श्वास सोडण्यात असते. तोंड पाण्यात असताना माणूस श्वास कोंडून धरतो, मग तोंड बाहेर काढल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा प्रयत्न करतो. दोन्ही अर्धवट होतं. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मेंदू गुदमरल्याचा इशारा देतो. तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून नाकातोंडातून बुडबुडे सतत सोडत राहा, म्हणजे मान वळवली की फक्त आत घ्यायचं काम उरतं. दोन्ही बाजूंनी श्वास घेता आला पाहिजे असं काही नाही. नवख्या माणसाने दर दोन हातांना, आपल्या सोयीच्या बाजूने घ्यावा.

दुसरी खोट पायांची. डोकं उचललं की कंबर बुडते, मग पाय जोरजोरात मारले जातात, आणि मांड्यांचे मोठे स्नायू सगळा प्राणवायू खाऊन टाकतात. नजर तळाकडे, मान सैल, पाय नुसते शरीर सरळ राहील इतके हलवायचे. त्या पायांना पुढे सायकल आणि धावणं आहे.

तलावातलं पोहणं आणि तळ्यातलं किंवा समुद्रातलं पोहणं यांत पहिला फरक भिंतीचा. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटर पोहताना तुम्ही २९ वेळा कठड्याला पाय मारता, दर वेळी दोन-तीन मीटर फुकट मिळतात आणि क्षणभर विसावाही. म्हणून चौथ्या आठवड्यापासून कठड्याच्या एक मीटर अलीकडेच वळा, भिंतीला स्पर्शच करू नका. ७५० किती लांब असतात ते तेव्हा कळतं.

दुसरा फरक दिशेचा. आपल्याकडच्या तळ्यांत हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत इतकं गढूळ पाणी असू शकतं. तळाशी निळी रेघ नाही, बाजूला दोरी नाही. डोळे मिटून आठ हात पोहा आणि मग बघा, म्हणजे आपण कुठल्या बाजूला वाहवतो ते कळेल. उजव्या किंवा डाव्या, कुठल्यातरी बाजूला सगळेच वाहवतात. उपाय असा: दर सहा ते आठ हातांनी फक्त डोळे पाण्यावर येतील इतकंच डोकं पुढे उचलायचं, पाहायचं, आणि लगेच मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. पुढे पाहतानाच श्वास घ्यायला गेलात तर छाती वर येते, कंबर खाली जाते आणि वेग मोडतो. पाहायचं काय, तर बोया (वाट दाखवायला पाण्यावर सोडलेला तरंगता फुगा) नव्हे. पाण्याच्या पातळीवरून दोनशे मीटरवरचा बोया लाटेआड जातो. त्याच्या मागच्या रेषेत एखादी उंच खूण आदल्या दिवशीच हेरून ठेवा: पाण्याची टाकी, देवळाचा कळस, माडांची रांग. पहाटेच्या स्पर्धेत पूर्वेकडे तोंड करून पोहायचं असेल तर गडद काचांचा गॉगल न्या, नाहीतर समोर नुसता लखलखाट.

तिसरा फरक माणसांचा. सुरुवातीला हात-पाय लागतात, कुणी पाठीवरून जातं, गॉगल निसटतो. सरावात तीन मित्रांनी एकाच गल्लीत शेजारी शेजारी पोहून मुद्दाम धक्के खावेत. गॉगलचा पट्टा टोपीच्या आतून घ्या, म्हणजे लाथ बसली तरी वाहून जात नाही. आत बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून धुतला की वाफ धरत नाही. व्हॅसलीन लावायचं असेल तर ते शेवटी. तेलकट बोटं गॉगलच्या काचेला लागली की सगळं धूसर.

स्पर्धेआधी निदान दोनदा उघड्या पाण्यात उतरलंच पाहिजे. एकट्याने कधीही नाही. बऱ्याच धरणांच्या पाण्यात उतरायला मनाई असते, तेव्हा जिथे परवानगी आहे आणि सोबत जाणता गट आहे तिथेच. कमरेला बांधायचा रंगीत तरंगता फुगा घ्या. त्याने पोहण्यात अडथळा येत नाही आणि होडीवाल्यांना तुम्ही दिसता. पावसाळ्यात हा सराव नकोच, पाण्याला ओढ असते आणि वाहून आलेलं काय आडवं येईल सांगता येत नाही.

आणि भीती. चांगले पोहणारेही पहिल्या १०० मीटरमध्ये घाबरतात. थंड पाणी तोंडावर आलं की श्वास आखडतो, त्यात गर्दीबरोबर निघाल्यामुळे वेग दुप्पट झालेला असतो. म्हणून शिटी वाजायच्या दहा मिनिटं आधी पाण्यात उतरून तोंड बुडवून बुडबुडे सोडून घ्या. उभं राहायचं मागच्या रांगेत, कडेला. शिटी वाजल्यावर मनात वीस आकडे मोजा आणि मग निघा. या वीस सेकंदांनी तुमचं काहीही जात नाही.

तरीही घाबरगुंडी उडालीच तर पाठीवर वळा, आकाशाकडे बघत दहा श्वास सोडा. मग ब्रेस्टस्ट्रोकचे वीस हात, मग वाटलं तर फ्रीस्टाइल. नियमांनुसार कुठल्याही प्रकारे पोहता येतं, तरंगता येतं, बोया किंवा थांबलेली होडी धरून दम घेता येतो. फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. ही सवलत बहुतेकांना ठाऊकच नसते. खरी मदत हवी असेल तर एक हात सरळ वर करा आणि हाक मारा. छातीत दुखलं, श्वास लागून खोकला थांबेना, तोंडात फेस यायला लागला तर तिथेच संपवा.

सायकल: आहे तीच

नवी सायकल घेऊ नका. गिअरची हायब्रिड, एमटीबी, काहीही चालेल. नव्या सायकलची बैठक अंगवळणी पडायलाच महिना जातो. आहे तिची उंची मात्र नीट करा: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली, पॅडल सगळ्यात खाली, तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर आणला की गुडघ्याला आपसूक हलका बाक येतो. आपल्याकडे निम्म्या सायकलींच्या सीटा खाली असतात, आणि गुडघ्याच्या वाटीपुढचं दुखणं त्यातूनच येतं.

सर्व्हिसिंग स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी. आदल्या दिवशी केलेल्या सर्व्हिसिंगमध्ये काही ढिलं राहिलं तर ते रस्त्यावरच कळतं. हवा सत्तरेक किलोच्या माणसाला बारीक रोड टायरमध्ये ८० ते ९० पीएसआय, हायब्रिडमध्ये ५० ते ६५, एमटीबीत ३५ ते ४५. टायरच्या कडेवर कमाल आकडा लिहिलेला असतो, त्यापुढे जायचं नाही. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रोड सायकलला बारीक, पितळी टोकाचा प्रेस्टा वाल्व असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येणार नाही, आपला पंप न्या.

एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि हातपंप सीटखाली हवाच, आणि घरी दोनदा ट्यूब बदलून पाहिलेली हवी. सगळ्यात जास्त चूक इथे होते: पंक्चर झालं, घाईत नवी ट्यूब घातली, दोनशे मीटरवर पुन्हा फुस्स. कारण बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच गोल फिरवा आणि टोचेल ते काढा.

सराव आठवड्यातून दोनदा पुरे. एकदा मधल्या वारी १५ किलोमीटर, रविवारी २० पासून वाढवत ३० पर्यंत. हलका गिअर आणि भरभर पाय, हे सूत्र. एका गुडघ्याचे फेरे अर्धा मिनिट मोजा, ४० ते ४५ यायला हवेत. जड गिअर रेटला की वेग तेवढाच मिळतो पण मांड्या भरतात, आणि त्याचं बिल धावताना येतं. स्पर्धेत शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोरात चालवा. पायाला कुलूप बसणारे क्लिपलेस बूट आधीपासून वापरत नसाल तर आता नको. थांबताना पाय सुटत नाही आणि माणूस उभ्याउभ्या आडवा होतो.

पुढच्या सायकलच्या मागे चिकटून चालवणं हौशी स्पर्धकांना बहुतेक ठिकाणी बंद असतं. पुढच्यापासून १० ते १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नेमकं किती ते स्पर्धेच्या सूचनेत असतं. ओलांडायचं तर उजवीकडून आणि रेंगाळू नका. इयरफोन कुठेच चालत नाहीत.

ट्रान्झिशन

पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जायची ही जागा. इथे जोर लागत नाही, तरी सगळ्यात स्वस्तात वेळ वाचतो तो इथेच.

आदल्या दिवशी सायकल लावून झाली की पाण्याच्या बाहेर यायच्या वाटेने चालत आपल्या रॅकपर्यंत या आणि रांगा मोजा. पाण्यातून भेलकांडत आल्यावर तीनशे सायकली एकसारख्या दिसतात. खाली भडक रंगाचा टॉवेल अंथरा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे दोन्ही बाजूंना सोडून, आत चष्मा. बूट पुरते उघडे, आत टाल्कम पावडर. मोजे टाचेपर्यंत गुंडाळून ठेवा. ओल्या पायावर सरळ मोजा चढवायला गेलात तर तो घोट्यावर अडून बसतो. सायकल आधीच हलक्या गिअरमध्ये.

क्रम असा: पाय पुसून मोजे-बूट, कमरेला नंबरचा पट्टा, हेल्मेट, हेल्मेटचं बक्कल बंद, मगच सायकलला हात. हे उलटं झालं तर दंड होतो. सायकल हाताने ढकलत जमिनीवरच्या रेघेपलीकडे न्यायची आणि तिथेच चढायचं. परतताना रेघेच्या अलीकडे उतरायचं, सायकल रॅकला लावायची, नंतरच बक्कल उघडायचं.

कपडे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. ट्रायसूट (तिन्ही टप्प्यांना चालणारा एकसंध पोशाख) नसेल तर अंगाला चिकटणारी, पातळ पॅडची सायकलची चड्डी आणि झटकन सुकणारा टी-शर्ट; बायकांना पोहण्याच्या पोशाखावरून तशीच चड्डी. जाड पॅड पाणी धरून ठेवतं आणि जांघा सोलवटतात. सुती काही नको. मानेला, काखेत आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन. हे सगळं घराच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये तीन-चारदा करून पाहा. शेजारी हसतील.

धावणं

यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा धावा, त्यातलं एकदा रविवारच्या सायकलनंतर लगेच, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं आणि वाढवत पंचवीस. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडी होतात, आपले वाटत नाहीत. साधारण पहिल्या किलोमीटरात ते मोकळे होतात, एवढं शरीराला आणि डोक्याला माहीत असलं की झालं. सुरुवातीपासूनच चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. दमल्यावर चालण्यापेक्षा हे वेळेतही पुढे ठेवतं. नडगीच्या हाडावर बोट ठेवून एकाच ठिकाणी दुखत असेल तर धावणं थांबवा, तो दिवस पोहण्याला द्या. बूट वापरातले. लेस काढून इलॅस्टिकच्या घाला.

खाणं-पिणं

दोन तासांच्या स्पर्धेला फार काही लागत नाही. आदल्या रात्री साधा वरण-भात, लवकर. गावात आलोच आहोत तर तांबडा-पांढरा चाखू, असा विचार कोल्हापुरात मनात येतोच. स्पर्धा झाल्यावर चाखा. सकाळी अडीच-तीन तास आधी केळं आणि ब्रेड-जाम किंवा थोडा उपमा, जे सरावाच्या दिवशी पोटाला मानवलं असेल तेच. सायकलच्या बाटलीत ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते अर्ध्या लिटरमध्ये घोळलं तर पोट ढवळतं. सायकलवर घोट घोट करत ४०० ते ६०० मिलिलिटर जाऊ द्या, सोबत दोन-तीन खजूर. धावताना पाण्याच्या टेबलावर दोन घोट आणि उरलेलं डोक्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात नऊनंतर डांबर तापतं, तेव्हा अंगावर काटा आला, घाम थांबला किंवा गरगरलं तर सावलीत बसा आणि स्वयंसेवकाला बोलवा.

शेवटच्या चार दिवसांत तयारी भरून काढायचा मोह होतो. त्या दिवसांत केलेल्या कष्टाचा फायदा स्पर्धेपर्यंत अंगाला लागत नाही, थकवा मात्र लागतो. स्पर्धा रविवारी असेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी ४०० मीटर पोहा, गुरुवारी वीस मिनिटं सायकल, शनिवारी दहा मिनिटं पळून पाय मोकळे करा.

रेघ ओलांडल्यावर लगेच बसकण मारू नका, पाच-दहा मिनिटं चालत राहा, नाहीतर पोटरीत गोळे येतात आणि डोळ्यांपुढे अंधारी. घोट्याला बांधलेली वेळेची चिप परत करायची असते. सायकल सोडवताना मनगटावरचा नंबर आणि सायकलवरचा नंबर जुळवून बघतात, म्हणून तो पट्टा आंघोळीच्या घाईत कापून टाकू नका.